‘एका खासगी कंपनीत’ आणि देशाची बदनामी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. शिफ्ट सुटल्यावर निवांत वाचा. शिव्या द्यायच्या असतील तर शेवटपर्यंत वाचून द्या, एवढीच विनंती.

परवा रात्री आपल्या गावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोक्सवॅगनच्या कराच्या वादाची रॉयटर्सची जुनी बातमी परत फिरायला लागली. वर लाल अक्षरांत मथळा : ‘विदेशी मीडियाकडून भारताची बदनामी, जाहीर निषेध’. पाच मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस. मग एकाने मला टॅग केलं, “भाऊ, तुम्ही पत्रकार आहात, तुम्ही पण निषेध नोंदवा.”

मी नोंदवला नाही. का नाही, ते ग्रुपवर लिहिलं असतं तर रात्रभर फोन वाजला असता, म्हणून इथे लिहितोय.

आधी ती बातमी काय होती ते बघू, कारण अंगठा देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती उघडलेलीच नसणार. सप्टेंबर २०२४ मध्ये कस्टम्स खात्याने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला नोटीस काढली. खात्याचं म्हणणं असं की कंपनीने जवळजवळ अख्ख्या गाड्या खोलून आणल्या, पण वेगवेगळ्या खेपांत आणि ‘सुटे भाग’ म्हणून दाखवून. खोललेली गाडी म्हणून आणली तर कर ३० ते ३५ टक्के, नुसते सुटे भाग म्हटले तर ५ ते १५ टक्के. मागणी १.४ अब्ज डॉलरची, म्हणजे जवळपास १२ हजार कोटी रुपयांची. नोव्हेंबरच्या शेवटी रॉयटर्सने ही बातमी फोडली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली की आम्ही नियमानेच वागलोय, अशा मागण्या करायला लागलात तर परदेशी गुंतवणूकदारांचा विश्वास उडेल.

कोण खरं, हे कोर्टाने ठरवायचं. मी कस्टम्सचा वकील नाही आणि कंपनीचाही नाही. पण मला सांगा, यात रॉयटर्सने बदनामी कुणाची केली? आपलं सरकार म्हणतंय कंपनीने कर चुकवला. कंपनी म्हणतेय तुमच्या देशात धंदा करणं अवघड होईल. त्यांनी दोन्ही छापलं. उलट सरकारच्या बाजूने बघितलं तर ‘आम्ही कुणाच्या बापाला घाबरत नाही, मोठ्या कंपनीलाही नोटीस देतो’ असंच चित्र जगापुढे गेलं की.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा कारखाना निघोजे-खराबवाडीच्या शिवेवर आहे. २००९ मध्ये तो सुरू झाला तेव्हापासून मी त्या रस्त्याने जातोय. तळेगाव चौक मोकळा मिळाला तर (हसू नका) माझ्या घरापासून गाडीवर वीस मिनिटं. आणि त्या कंपनीच्या एवढ्या मोठ्या भानगडीची बातमी मला परदेशी वृत्तसंस्थेकडून कळली. गेटसमोरच्या टपरीवर पंधरा वर्षं चहा पिणाऱ्या आम्हा अर्धा डझन पत्रकारांना वाससुद्धा आला नाही. निषेध नोंदवायचा तर तो आमचा नोंदवा.

आता कुणी म्हणेल, ते गोरे लोक, त्यांना आपलं चांगलं बघवत नाही. अरे बाबांनो, ‘विदेशी मीडिया’ म्हणजे टोपी घातलेला इंग्रज साहेब नाही. दिल्ली-मुंबईत बसून या बातम्या काढणारी बरीचशी आपलीच पोरंपोरी आहेत. फरक एवढाच की त्यांना बातमी काढायला पगार मिळतो आणि आम्हाला जाहिरात आणायला.

दुसरी गोष्ट. याच फोक्सवॅगनवर सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत काय वेळ आली होती, आठवतं का? डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर घातलं होतं की तपासणीच्या वेळी धूर कमी आणि रस्त्यावर जास्त. जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्या. ‘जर्मन माल म्हणजे सचोटी’ ही जर्मनीची शंभर वर्षांची पुण्याई जगभरच्या पेपरांनी आठवड्यात धुळीला मिळवली. कंपनीच्या प्रमुखाला खुर्ची सोडावी लागली. आपल्याकडेही ३ लाखांवर गाड्या परत बोलवायची वेळ आली. पुढे काय झालं? जर्मनीच्याच सरकारी वकिलांनी जर्मनीच्याच माणसांवर खटले भरले, आणि मे २०२५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या कोर्टाने चार माजी अधिकाऱ्यांना फसवणुकीत दोषी धरलं, त्यातल्या दोघांना तुरुंग. दहा वर्षं लागली, पण झालं. आज चाकणमध्ये कुणी ‘जर्मन गाडी आहे’ म्हणून सांगतो तेव्हा त्याची छाती फुगलेलीच असते.

आणि आपण? २०२३ मध्ये बीबीसीच्या माहितीपटावर बंदी घातली. ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं अशा माझ्या ओळखीच्या चार जणांनी तो मुद्दाम शोधून पाहिला.

पण खरं दुखणं पुढेच आहे. परदेशी माध्यमं काय छापतात याच्यावर आपण भांडतो, काय छापत नाहीत ते कुणी मोजत नाही.

८ डिसेंबर २०२३. तळवडे. केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणारं शेड. दुपारी आग लागली. आत बहुतेक बाया होत्या. पहिल्या दिवशी सहा जणी गेल्या. मग पुढचे कितीतरी दिवस हॉस्पिटलमधून एकेक बातमी येत राहिली आणि आकडा दहाच्या वर गेला. त्याच्या आधी ७ जून २०२१ ला तिकडे मुळशीत उरवड्याच्या रासायनिक कंपनीत आग लागून १७ कामगार गेले, त्यातही बहुतेक बायाच. जगाच्या पेपरांत याच्या किती ओळी आल्या? चार-सहा ओळी, ‘भारतात आग, इतके ठार’, दुसऱ्या दिवशी विषय संपला. १२ हजार कोटींच्या करावर मात्र महिनोन्महिने लिहून आलं.

कारण सोपं आहे. परदेशी पेपर त्यांच्या वाचकाचं जिथे अडकलंय तिथलं लिहितो. फोक्सवॅगनचे शेअर त्यांच्या वाचकाकडे आहेत. तळवड्याच्या मेणबत्तीवाल्या बाईशी त्याचा संबंध नाही.

बीडचं उदाहरण घ्या. ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्येच आपल्याकडे गाजलं होतं. विधानसभेत-परिषदेत चर्चा झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. हा सरकारी आकडा होता, मराठी पेपरांत छापून आलेला. जगाने ऐकला का? नाही. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तोच विषय घेतला आणि साखर कुठे जाते ते दाखवलं : कोका-कोला आणि पेप्सी. मग जगाने ऐकलं. त्यांचा वाचक बीडला ओळखत नाही, पण फ्रीजमधली बाटली ओळखतो.

आणि तेव्हा आपल्या लोकांनी काय केलं? ‘महाराष्ट्राची बदनामी’! अरे, पाच वर्षांपूर्वी तुमच्याच समितीने मोजलेल्या बायका आहेत त्या. बदनामी व्हायची ती २०१९ मध्ये, आपल्याच डोळ्यांसमोर होऊन गेली होती. आपल्या खराबवाडी-महाळुंग्याच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांना विचारा, कित्येकांच्या आया त्या टोळ्यांतून आलेल्या आहेत.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा विकला गेला.

परदेशी माध्यमं पूर्वग्रह घेऊन येतात का? येतात. मी स्वतः बघितलंय. सात-आठ वर्षांपूर्वी एका परदेशी चॅनेलची टीम आली होती, मी दोन दिवस त्यांना फिरवलं. त्याचे पैसेही घेतले, खोटं कशाला बोलू. त्यांना एकच चित्र हवं होतं, मागे चकाचक कारखाना आणि पुढे बैलगाडी. मी म्हटलं, साहेब, इथे बैल आता शर्यतीपुरते राहिलेत, आणि शर्यतीवर सध्या बंदी आहे. ऐकेनात. शेवटी मेदनकरवाडीच्या बाजूला कडबा नेणारी एक गाडी सापडली. तिचं पाऊण तास चित्रीकरण झालं, बैल वैतागले. शेजारी टपरीवर एक पाटील चहा पीत उभे होते. चार एकर जमीन एमआयडीसीत गेली, आलेल्या पैशांतून दोन गाड्या, एक बंगला, दोन लग्नं, आणि आता स्वतः रात्रीचे सिक्युरिटीला उभे राहतात, ते पण स्वतःच्याच जुन्या शेतावरच्या गेटवर. मी म्हटलं, यांच्याशी बोला, खरी बातमी ही आहे. कॅमेरामन म्हणाला, उजेड चाललाय.

पण प्रामाणिकपणे विचारतो, त्या पाटलांची बातमी मी तरी लिहिली का? नाही लिहिली. आज लिहितोय, ती पण निम्मी.

या बाबतीत आपल्या पुण्याचा इतिहास बघण्यासारखा आहे. व्हॅलेंटाइन चिरोल नावाचा लंडनच्या टाइम्सचा बडा पत्रकार. १९१० मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या असंतोषावर लेखमाला लिहिली, पुढे पुस्तक काढलं, आणि सगळं खापर टिळकांवर फोडलं. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात, उत्तर देणार कुठून? सुटून आल्यावर त्यांनी लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ च्या सुरुवातीला हरले. खर्च लाखांच्या घरात गेला, लोकांना वर्गणी काढावी लागली. परक्याच्या पेपराशी परक्याच्या कोर्टात भांडून काय मिळतं ते लोकमान्यांसारख्या माणसाने अनुभवलं. मग ते निषेधाचं पत्रक काढून घरी आले नाहीत. पुढचे कित्येक महिने लंडनमध्येच राहिले, सभा घेतल्या, मजूर पक्षाच्या लोकांना भेटले, आपली बाजू आपल्या तोंडाने सांगत बसले.

गोखल्यांचं प्रकरण त्याच्याही आधीचं, आणि पत्रकार म्हणून मला ते जास्त बोचतं. १८९७. पुण्यात प्लेग, रँडचे सोल्जर घराघरांत शिरत होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी मँचेस्टर गार्डियनला सांगितलं की सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले. तिकडे खळबळ उडाली. सरकार म्हणालं, पुरावा द्या. गोखले परत आले, ज्यांनी कळवलं होतं त्यांना म्हणाले, पुढे या. कुणी आलं नाही. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. आयुष्यभर ते शल्य राहिलं. लोक हाल सोसत होते हे कुणी नाकारत नव्हतं, पण नाव, गल्ली, तारीख, साक्षीदार याची पक्की नोंद गावात कुणी करून ठेवली नव्हती. मग विलायतेतल्या पेपरात पोचेपर्यंत त्याची अफवा झाली आणि ती सांगणाराच तोंडघशी पडला.

(इंग्रजांच्या वखारीच्या पत्रांत शिवाजी महाराजांना ‘बंडखोर’ लिहिलेलं आहे. त्याने महाराजांचं काय बिघडलं? पण वखारवाल्यांच्या नोंदी आज आपलेच इतिहासकार चाळतात, कारण त्यांनी तारीखवार लिहून ठेवलं होतं.)

तर आता घरचं सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक पोरगा भेटला होता, परभणीकडचा, विशीतला. ठेकेदाराकडून लागलेला, एका लहान व्हेंडरकडे पॉवर प्रेसवर. मशीनचा सेन्सर बंद होता, प्रॉडक्शन अडू नये म्हणून तसाच चालवत होते, असं तो सांगत होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ईएसआयचं कार्ड अपघातानंतर काढलेलं. मी दवाखान्यात त्याच्याजवळ तासभर बसलो, ठेकेदाराचं नाव घेतलं, कंपनीचं घेतलं, पार्ट कुठल्या मोठ्या गाडीत बसतो तेही घेतलं. चारशे शब्द लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी सहा ओळी छापून आल्या : ‘चाकण औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कंपनीत काम करताना कामगार जखमी’. पोराचा फोन आला, “सर, हे माझंच आहे का?”

मी हो म्हटलं. आणि नंतर डेस्कशी भांडलो का? नाही. कारण त्याच महिन्यात दिवाळी पुरवणीच्या जाहिराती गोळा करायच्या होत्या आणि माझं टार्गेट अपुरं होतं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आमच्या धंद्यातला हा न लिहिलेला नियम आहे. वृक्षारोपण केलं की कंपनीचं नाव, एचआर मॅनेजरचं नाव, झाडाचंसुद्धा नाव. बोट तुटलं की ‘एका खासगी कंपनीत’.

ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही. ‘सेफ इन इंडिया’ नावाची संस्था २०१९ पासून दरवर्षी ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल काढते, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत हात गमावलेल्या कामगारांवर. हरियाणातून सुरुवात झाली, पुढे आपला महाराष्ट्रही त्यात आला. अपघात झाल्यावर कार्ड काढण्याची तऱ्हा त्यांना ठिकठिकाणी सापडली. अहवाल इंटरनेटवर आहेत, कुणीही वाचावेत. चाकणच्या किती पेपरांनी त्याच्यावर पहिल्या पानाची बातमी केली? मी तरी केली नाही.

आता असं धरून चला की उद्या लंडनचा किंवा बर्लिनचा एखादा पत्रकार इथे येतो. त्याच्या वाचकाच्या दारात ती गाडी उभी आहे, म्हणून त्याला पार्ट बनवणारा हात बघायचाय. दोन दिवसांत त्याला चार केस मिळतील. तो लिहील, ‘भारतात गाड्या बोटं कापून बनतात’. अर्धवट असेल, भडक असेल. आपल्याकडे चांगले कारखानेही आहेत जिथे सेन्सर बंद असेल तर प्रेस चालतच नाही, ते त्याला दिसणार नाहीत, कारण उजेड चाललेला असेल. आपण ग्रुपवर निषेध करू. पण त्याला खोटं पाडायला आपल्याकडे काय आहे? गेल्या दहा वर्षांत कुठल्या कारखान्यात किती अपघात झाले, कुठे वाढले, कुठे कमी झाले, हे नावासकट कुठे छापलंय? आपल्या फायलीत फक्त ‘एका खासगी कंपनीत’ आहे. ते परदेशी माणसाच्या तोंडावर फेकून काय उपयोग?

प्रतिमा-प्रतिमा म्हणून ओरडणाऱ्यांना आणखी एक विचारायचंय. जानेवारी २०२५ ला दावोसमध्ये महाराष्ट्राने १५ लाख कोटींहून जास्तीचे करार केले. छान. पण चाकणला जर्मन, कोरियन, जपानी साहेब रोज येतात. ते नाशिक रोडला मोशीपासून आंबेठाण चौकापर्यंत आपल्याबरोबरच तास-तास बसतात. रात्री घरी फोन करून बायकोला काय सांगत असतील? त्यांना भारत कळायला पेपर लागत नाही. आणि हिंजवडीचं आयटी पार्क बंगळुरू-हैदराबादला चाललं, असं कॅमेऱ्यासमोर म्हणाले होते ते उपमुख्यमंत्री असताना अजितदादा, जुलै २०२५ मध्ये. पुढच्याच महिन्यात पहाटे आपल्या चाकणच्या चौकातही येऊन बघून गेले. त्यांनी कुणाची बदनामी केली? जे होतं ते बोलले. तेच वाक्य एखाद्या अमेरिकन पेपरने छापलं असतं तर आपल्या ग्रुपवर लाल अक्षरांत निषेध आला असता.

तर मी ठरवलंय ते सांगतो. पेपरात जमेल तेवढं पेपरात, नाही जमलं तर इथे, माझ्या भिंतीवर. अपघाताची बातमी लिहीन ती कंपनीच्या नावासकट, कागद बघून, कंपनीची बाजू विचारून. नुसतं ‘ऐकलंय’ असं काही लिहिणार नाही, गोखल्यांसारखी वेळ यायला नको. ज्यांच्याकडे दवाखान्याचे, ईएसआयचे, ठेकेदाराचे कागद असतील त्यांनी इनबॉक्समध्ये या किंवा सरळ माणिक चौकात भेटा, चहा माझ्याकडून. कामगाराचं नाव त्याची इच्छा असेल तरच. जाहिरातींचं काय होईल ते होईल. बायकोला सांगितलंय, ती म्हणाली “बघा बाबा”.

आणि ज्याने मला त्या रात्री टॅग केलं त्याला. नाव लिहीत नाही, तू वाचतोयस मला माहितीये. दोन वर्षांपूर्वी तुझ्या चुलतभावाचा हात मशीनमध्ये गेला तेव्हा तूच मला रात्री फोन केला होतास. “भाऊ, पेपरात देऊ नका, कंपनीचं नाव खराब होईल, त्याची नोकरी जाईल.” मी नाही दिली.

राहिली का त्याची नोकरी?